जोत्याखालचं पाणी: नागपूरच्या घरांसाठी मिरगाआधीची कामं

त्या वर्षी जुलैत झड लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत पाय ठेवला आणि फरशीच्या सांध्यातून पाणी वर आलं. पाय उचलला की खाली जायचं, टेकवला की पुन्हा वर. मुठीनं फरशी ठोकली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. आमचं घर मानेवाड्याकडच्या जुन्या लेआउटमध्ये, 30 बाय 50 च्या प्लॉटवर, बाबांनी 1986 साली बांधलेलं. स्लॅब गळतो हे आम्हाला माहीत होतं. पाणी पायाखालूनही येतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग सगळे करतात तेच आम्ही केलं. एक ठेकेदार बोलावला. त्यानं आतून भिंतींना तीन फुटांपर्यंत केमिकलचे दोन हात मारले आणि फरशीचे सांधे भरले. पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या खोलीत आलं नाही, शेजारच्या खोलीत आलं. शेवटी ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं. ते घरात आलेच नाहीत. बाहेरून एक चक्कर मारली, स्लॅबवरून उतरणाऱ्या पाइपाजवळ थांबले आणि म्हणाले, "ताई, हे पाणी जमिनीचं नाई. तुमच्याच स्लॅबचं हाये. तुम्हीच भिंतीच्या मुळात सोडून राहिले."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. तेव्हापासून मला कोणीही विचारलं तर मी एकच सांगते: वॉटरप्रूफिंग हे शेवटचं काम आहे. आधी पाण्याला घरापासून दूर जायची वाट करून द्या. बहुतेक घरी उलटं होतं. सगळ्यात महाग काम आधी होतं आणि ज्याला फावडं आणि दोन पोती सिमेंट पुरलं असतं, ते काम राहूनच जातं.

घराखाली नेमकं काय असतं

आपल्याकडे साध्या घराखाली मोकळी जागा ठेवत नाहीत. जोतं भरतात, त्यावर फरशी. पण पोकळी तरीही तयार होते. नागपुरात पाया खोदताना कुठे दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तर कुठे पाच-सहा फूट गेलं तरी काळी मातीच. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की तिला बोटभर रुंद भेगा पडतात. पाया बांधताना ती काढून आत आणि भोवती मुरूम भरतात, ते योग्यच आहे. पण मुरमातून पाणी सहज उतरतं आणि ओल्या काळ्या मातीतून जवळजवळ उतरतच नाही. म्हणजे आपलं घर काळ्या मातीच्या परातीत मुरूम भरून त्यावर बसलेलं असतं. भिंतीलगत ओतलेलं पाणी थेट त्या परातीत जातं आणि तिथंच साचून राहतं.

भरण नीट धुम्मस करून दाबलेलं नसेल, तर काही वर्षांत ते ओलं होऊन खाली बसतं. फरशी मात्र खालच्या सिमेंटच्या थराच्या जोरावर जागीच राहते. मधे दोन-चार इंचाची पोकळी उरते आणि झडीत ती भरते. आमच्या मागच्या खोलीखाली नेमकं हेच झालं होतं. पाणी फरशीवर दिसलं नाही तरी आत ते काम करतच असतं. भिंतीला खाली लोणा लागतो, प्लास्टर फुगून सुटतं, आणि एका बाजूची माती जास्त फुगली की खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात.

पहिलं काम: पाणी कुठलं ते ओळखा

हातोडी उचलण्याआधी एक-दोन पाऊस नुसते बघा. वहीत वेळ लिहा: पाऊस कधी सुरू झाला, पाणी कधी दिसलं, कुठल्या भिंतीशी दिसलं.

पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ओल दिसली, तर पाणी स्लॅबचं किंवा अंगणाचं आहे. झडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलं आणि पाऊस थांबल्यावरही चार-आठ दिवस झिरपत राहिलं, तर जमिनीतलं पाणी वर चढलंय. विहिरीजवळच्या आणि नाल्याकाठच्या घरांना हा त्रास जास्त. पाणी बाथरूमच्या जाळीतून येत असेल आणि वास मारत असेल, तर ती गडर, म्हणजे सांडपाण्याची लाइन, उलटतेय. तो आजार वेगळा आणि औषधही वेगळं.

आणि ओल एप्रिल-मेमध्येही असेल तर पावसाला दोष देऊ नका. रात्री सगळे नळ बंद करा, अंडरग्राउंड टाकीत पाणी येण्याचा कॉकही बंद करा. टाकीतल्या पाण्याच्या रेघेवर खडूनं खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर टाकी झिरपतेय. टाकी ठीक असेल तर वरच्या टाकीची अशीच परीक्षा घ्या, म्हणजे घरातल्या पाइपांचं कळतं. एका शेजारकाकूंच्या स्वयंपाकघरातली दोन वर्षांची ओल शेवटी सिंकच्या निसटलेल्या सांध्यामुळे असल्याचं निघालं.

दुसरं काम: लेव्हल काढा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक लेव्हल पाइप मिळतो, 40 फूट घ्या. त्यात पाणी भरा आणि आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं. एक टोक जोत्यावरच्या खुणेशी धरा, दुसरं घेऊन कोणीतरी अंगणात फिरा. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला थांबतं, तिथून खाली जमीन किती आहे ते टेपनं मोजा. फाटक, रस्ता, घराचे चारही कोपरे, मागची सांदवाडी (घरामागची अरुंद मोकळी जागा) अशी दहा-बारा मापं घ्या आणि कागदावर घराचा आराखडा काढून त्यावर लिहा.

आम्ही मापं घेतली तेव्हा मुलगा पाइप धरून सांदवाडीत उभा होता. मी आकडे लिहीत गेले आणि चित्र स्पष्ट झालं. भिंतीलगतची पट्टी अंगणाच्या मधल्या भागापेक्षा चार इंच खाली होती. पाया भरतानाची माती बसली होती आणि घराभोवती खंदक तयार झाला होता. त्याच खंदकात आम्ही तुळस, गुलाब आणि कढीपत्ता लावून रोज पाणी घालत होतो.

दुसरं माप जास्त जिव्हारी लागलं. बाबांनी जोतं रस्त्यापासून दोन फूट वर घेतलं होतं. आधी डांबराचे थर चढले, मग सिमेंट रोड झाला, आणि आता जोतं रस्त्याच्या जेमतेम सात इंच वर उरलंय. जुन्या वस्त्यांमधल्या किती घरांची ही गत आहे, ते फाटकातून उतरणाऱ्या पायऱ्या बघितल्या तरी कळतं.

तिसरं काम: स्लॅबचं पाणी

हे एकच काम केलं तरी निम्म्या घरांचा त्रास संपेल असं मला वाटतं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 900 चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण 84 चौरस मीटर. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 8,400 लिटर पाणी होतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या आठ टाक्या भरून भिंतीच्या मुळात ओतल्यासारखंच ते आहे.

चार इंची एका पाइपावर 400 ते 450 चौरस फुटांपेक्षा जास्त स्लॅब टाकू नका. तासाला 100 मिलिमीटरच्या सरीला तेवढंच झेपतं. 900 फुटांना दोन पाइप हवेत, आणि एक पाइप पानांनी तुंबेल हे धरून मी तिसरा लावला. पाइपाच्या तोंडाशी घुमटासारखी जाळी बसवा. सपाट जाळीवर एक कडुनिंबाची डहाळी पडली की पुरे.

पाइप खाली उतरल्यावर जमिनीपाशी संपवू नका. बेंड लावून बंद पाइपानं पाणी निदान आठ-दहा फूट दूर, म्हणजे थेट पावसाळी नालीपर्यंत न्या. उतार दर आठ फुटांना एक इंच तरी हवा, आणि वळणावर साफ करता येईल असं छोटं चेंबर हवं. हे पाणी गडरच्या चेंबरमध्ये जोडू नका. तसं केलं तर मोठ्या पावसात तेच पाणी बाथरूमच्या जाळीतून परत येतं, तुमच्याकडे किंवा खालच्या बाजूच्या शेजाऱ्याकडे.

पाणी जमिनीत जिरवायचं असेल तर फारच चांगलं, पण शोषखड्डा भिंतीलगत घेऊ नका. काळ्या मातीत तो घरापासून जितका लांब तितका बरा. जागा नसेल तर गाळणी लावून बोअरमध्ये सोडा. भिंतीशेजारचा शोषखड्डा म्हणजे त्या परातीला लावलेलं नरसाळंच.

चौथं काम: भिंतीभोवतीची पट्टी

याला मिस्त्री प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. बरेचदा घर बांधताना पैसे संपत आले की सगळ्यात आधी हेच वगळतात. काम असं होतं.

भिंतीलगतची झाडं आधी हलवा. मग निदान तीन फूट रुंदीत वरची सैल माती नऊ इंच ते एक फूट काढा. भेगा दिसल्या तर नुसत्या झाकू नका, आत मुरूम आणि चुरी पाण्यासोबत घालून भरा. मग मुरमाचा सहा इंच थर, दोन वेळा तीन-तीन इंच करून, पाणी शिंपून धुम्मस मारून घट्ट बसवा. त्यावर तीन इंच काँक्रीट. उतार भिंतीकडून बाहेर, तीन फुटांत एक ते दीड इंच.

दोन गोष्टी मिस्त्रीला समोर उभं राहून करायला लावा. पहिली, काँक्रीट भिंतीला चिकटवू नका. काळी माती हलते, पट्टी तिच्यासोबत हलणार, आणि जोडलेली असली की नेमकी भिंतीशी फुटते. मधे अर्धा इंच फट ठेवून ती डांबरी किंवा लवचीक सीलंटनं भरा. दुसरी, दर पाच-सहा फुटांना आडवा सांधा ठेवा आणि तोही तसाच भरा. आमच्याकडे पहिल्यांदा हे राहिलं आणि दोन उन्हाळ्यांत पट्टीला नागमोडी भेग गेली.

पट्टीच्या बाहेरच्या कडेला उथळ नाली करून तिचा उतार फाटकाकडे किंवा नालीकडे द्या. काम झाल्यावर दोन बादल्या पाणी भिंतीवर ओता आणि बघा. ते न थांबता बाहेर वाहिलं पाहिजे. कुठे हाताएवढं डबकं राहिलं तर मिस्त्री असतानाच ते दुरुस्त करून घ्या.

पाचवं काम: जमिनीतलं पाणी वर चढत असेल तर

इथवरची कामं होऊनही झडीत पाणी येत राहिलं तरच गिट्टीची नाली करा. भिंतीपासून निदान तीन फूट लांब, फूटभर रुंद चर घ्या. पायाच्या तळापेक्षा खोल कधीही जाऊ नका, पाया उघडा पडला तर घरच बसेल. चरात जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, थोडी गिट्टी टाका, त्यावर चार इंची छिद्रांचा पाइप छिद्रं खाली करून ठेवा. वर 20 ते 40 मिलिमीटरची गिट्टी भरा आणि कापड वरून गुंडाळून घ्या. कापड वगळलं तर काळी माती दोन पावसाळ्यांत गिट्टीत शिरते आणि सगळं फुकट जातं. ही खोदाई कडक उन्हाळ्यातच करा.

पाइपाचं दुसरं टोक खालच्या पातळीला उघडायला हवं. रस्ताच वर असेल तर ते शक्य नाही. मग दोन बाय दोन, तीन फूट खोल खड्डा बांधून त्यात मड पंप बसवावा लागतो. पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच हवाच, कारण पाणी रात्री तीनला येतं. बाहेर जाणाऱ्या पाइपावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावा, नाहीतर पंप थांबला की वरचं पाणी परत खड्ड्यात येतं. आणि विजेचं आधीच ठरवा. मोठ्या वादळात लाइन हमखास जाते. अर्ध्या एचपीचा पंप सुरू होताना काही क्षण खूप जास्त करंट ओढतो, घरचा साधा इन्व्हर्टर तो उचलेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनसमोर चालवून बघा. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी खड्ड्यात बादली ओतून पंप आपोआप लागतो का ते तपासा.

गडर, टाकी आणि बेसमेंट

गडर उलटत असेल तर घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये एनआरव्ही बसवा आणि त्याचं झाकण उघडून साफ करता येईल असं ठेवा. बाहेरून दाब आला की तो बंद होतो, आणि तेव्हा घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही. त्या तासा-दोन तासांत घरात कोणी आंघोळ करायची नाही, मशीन लावायची नाही. हे सगळ्यांना सांगून ठेवा.

अंडरग्राउंड टाकीचं तोंड अंगणाच्या बरोबरीनं असेल तर ते सहा-नऊ इंच वर घ्या आणि झाकणाला रबर लावा. ओव्हरफ्लोचा पाइपही त्याच उंचीच्या वर हवा. पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका. जमिनीत पुरलेली प्लास्टिकची रिकामी टाकी भोवतीच्या पाण्यानं चक्क वर उचलली जाते.

फ्लॅटच्या बेसमेंट पार्किंगला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उताराच्या सुरुवातीला सहा-नऊ इंचाचा उंचवटा. रस्त्यावरचं पाणी तिथंच अडतं. त्यानंतर वर एक आणि खाली एक आडवी जाळीची नाली, आणि पंपाचा खड्डा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंपाआधी या उंचवट्याचा विषय काढा.

रस्ता वर, घर खाली

सात इंच जोतं उरलेल्या आमच्यासारख्या घरांना फाटकाशी काँक्रीटचा उंबरा घ्यावा लागतो. शिवाय दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून फळ्या सरकवता येतात, रबरपट्टी लावलेल्या. पण दोन फुटांपेक्षा जास्त पाणी अडवायचा हट्ट धरू नका. पाण्याचा दाब उंचीसोबत भराभर वाढतो आणि विटांची भिंत आडव्या दाबासाठी बांधलेली नसते. जोतं आतून भरून उंच करणं किंवा जॅकवर घर उचलणं याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा, विशेषतः घर कॉलमचं नसून भिंतींवर उभं असेल तर.

आणि हे सगळं झालं की मगच केमिकल. तेही शक्यतो बाहेरच्या बाजूनं, जोत्याच्या भिंतीवर. आतून मारलेल्या थराला पाणी मागून ढकलतं, म्हणून तो फुग्यासारखा सुटतो. पोकळ वाजणारी फरशी उचलून भरण पुन्हा दाबून घ्यायची वेळही हीच. आम्ही खोली कोरडी झाल्यावर एक उन्हाळा थांबून मग फरशी बसवली.

तलाव ओसंडतो तेव्हा

22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं, आणि माणसं गेली. अशा पाण्यापुढे पट्टी, नाली, पंप काहीच पुरत नाही. अंबाझरीच्या खालच्या अंगाला किंवा नाग, पिवळी, पोरा नदीच्या काठी घर असेल, तर तयारी वेगळी लागते. मेन स्विच आणि खालचे प्लग पॉइंट भिंतीवर वर घ्या. इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर ठेवू नका. कागदपत्रं वरच्या कपाटात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला तळमजल्यावर एकटं झोपवू नका.

घरात पाणी शिरताना दिसलं की पहिलं काम मेन स्विच बंद. स्विचपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर जाऊ नका. भरत आलेल्या बेसमेंटमध्ये गाडी काढायला कोणीही उतरायचं नाही. नंतर पाणी उपसताना जनरेटर किंवा डिझेल पंप बंद जागेत लावू नका, त्याच्या धुरानं माणूस गुदमरून मरतो. बेसमेंट पूर्ण भरलेलं असेल तर एका झटक्यात उपसू नका. बाहेरची माती पाण्यानं भरलेली असताना आत एकदम रिकामं झालं की भिंत आत ढकलली जाते. दोन-तीन फूट उपसा, थांबा, बाहेरचं पाणी उतरतंय का बघा, मग पुढे.

चिखल काढताना गमबूट घाला. त्या पाण्यात गडर मिसळलेली असते आणि सापही आडोशाला येऊन बसतात. टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती रिकामी करून घासा, स्वच्छ पाण्यानं भरा. दर हजार लिटरला 150 ते 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत घाला. रात्रभर ठेवा, सकाळी ते सगळं पाणी सोडून द्या, टाकी पुन्हा धुवून भरा. झाकण लावण्याआधी त्याचं रबर फाटलं नाही ना, ते बोट फिरवून बघा.